सुचण्यासाठी दोन दिवस

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघालेल्या गाड्यांची रांग कात्रजचा बोगदा गाठेपर्यंतच माणसाला दमवते. या रांगेत गावी निघालेले असतात, लग्नकार्याला निघालेले असतात. अलीकडे त्यात आणखी एका प्रकारचे प्रवासी दिसू लागले आहेत. जाहिरात संस्थेत मजकूर लिहिणारी एखादी तरुणी, घरांची सजावट करून देणारा एखादा डिझायनर, नाटकाच्या दुसऱ्या अंकावर अडलेला एखादा हौशी लेखक. महिनाभर काही धड सुचत नाही, म्हणून दोन दिवस कोल्हापूरला. ‘जरा डोकं मोकळं होईल, काहीतरी सुचेल,’ एवढीच अपेक्षा.

मध्यरात्री मुक्कामी पोहोचायचे. शनिवारी पहाटे उठून अंबाबाईचे दर्शन, मग मिसळ, न्यू पॅलेस, टाउन हॉलचे संग्रहालय, दुपारी तांबडा-पांढरा, तिथून पन्हाळा, रात्री रंकाळ्यावर भेळ आणि त्यानंतर उशिरापर्यंत मित्रांची बैठक. रविवारी जोतिबा, चपलांची खरेदी आणि जेवून परतीचा प्रवास. मध्यरात्रीनंतर घर येते. फोनमध्ये चारशे फोटो असतात. सोमवारी सकाळी मात्र संगणकाचा तोच कोरा पडदा समोर असतो आणि डोके शुक्रवारपेक्षा जड झालेले असते.

अशा सहलीने खरेच काही सुचते का, हा प्रश्न चैनीचा वाटेल. पण दमलेला मेंदू, अपुरी झोप, रात्रीचे वाहन चालवणे आणि कधी कधी निदान न झालेला आजार या गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. म्हणून तो आरोग्याचाही प्रश्न आहे. सहलीचा उपयोग होतो, असेच संशोधन सांगते. पण तो लोक समजतात त्या कारणाने होत नाही. नवे शहर कुणाच्या ओंजळीत कल्पना टाकत नाही. आधीपासून डोक्यात असलेल्या गोष्टींना एकमेकींशी जुळायला थोडी उसंत मिळते, इतकेच. ती उसंतच यादीत भरून टाकली, तर उरतो तो केवळ प्रवास.

आधी मेहनत, मग सहल

सहलीत सुचल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आंरी प्वाँकारे या फ्रेंच गणितज्ञाचे आहे. १८८० च्या सुमारास ते फ्रान्समधील काँ या शहरात राहत होते आणि एका अवघड गणिती प्रश्नाशी झुंजत होते. त्याच काळात खाणकाम विद्यालयाने काढलेल्या भूगर्भशास्त्रीय सहलीला ते गेले. प्रवासात गणित विसरले. कुताँस या गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवला त्या क्षणी, आदल्या विचारांशी काही संबंध नसताना, उत्तर सुचले. गाडीत बसून त्यांनी बाकीच्यांशी गप्पा चालू ठेवल्या आणि पडताळणी घरी परतल्यावर सवडीने केली. १९०८ मध्ये त्यांनी हा अनुभव सविस्तर लिहून ठेवला.

या गोष्टीचा अर्धाच भाग सहसा सांगितला जातो. सहलीला निघण्यापूर्वी प्वाँकारे कित्येक दिवस रोज टेबलाशी बसून त्याच प्रश्नावर डोके आपटत होते, हे राहून जाते. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्ये सर्जनशील विचाराच्या चार पायऱ्या मांडल्या: तयारी, मुरणे, सुचणे आणि पडताळणी. दोन दिवसांची सहल ही यातली दुसरी पायरी आहे. लोणचे मुरायला बरणी फडताळात ठेवावी लागते हे खरे, पण आधी बरणीत कैऱ्या आणि मसाला घातलेला असावा लागतो. या विषयावरच्या ११७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न बाजूला ठेवल्याने तो सुटायला मदत होते, आणि आधीची तयारी जितकी दीर्घ तितका बाजूला ठेवण्याचा लाभ जास्त, असे त्यात दिसले. त्यामुळे काही सुचत नाही म्हणून कामाला हातच न लावता निघालेल्या माणसाच्या पदरी सहलीतून फारसे काही पडत नाही. निघण्यापूर्वी अडलेला प्रश्न कागदावर दोन ओळींत लिहून काढता आला, तर तयारी झाली असे समजावे.

विसावा म्हणजे मेंदूने काम थांबवणे नव्हे. अमेरिकेतील मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले, की माणूस ठरावीक काम करत नसतानाही मेंदूचे काही भाग ठरावीक पद्धतीने सक्रिय असतात. या जाळ्याला ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. आठवणी चाळणे, पुढचे चित्र रंगवणे, दूरच्या दोन गोष्टींचा संबंध जोडणे अशा वेळी ते जागे असते. खिडकीबाहेर बघत बसलेला माणूस रिकामा दिसतो, त्याचा मेंदू रिकामा नसतो. मात्र दर दोन मिनिटांनी फोन हातात घेतला, की लक्ष पुन्हा बाहेर खेचले जाते. मुक्कामाच्या जागी लॅपटॉप उघडून ‘फक्त एक मेल’ पाहणाऱ्याच्या बाबतीत तर मुरण्याची पायरी सुरूच होत नाही.

पाय आणि पाणी

मग शहरात जाऊन करायचे काय? सर्वांत खात्रीचा उपाय सर्वांत स्वस्त आहे: चालणे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांचे प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एखाद्या वस्तूचे नवनवे उपयोग सुचवा, अशा प्रकारच्या चाचणीत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना अधिक कल्पना सुचल्या. गंमत अशी, की भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही हा फायदा झाला आणि चालून येऊन खुर्चीत बसल्यावरही तो काही काळ टिकला. म्हणजे श्रेय देखाव्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, पायांचे होते. एकच अचूक उत्तर शोधायच्या चाचणीत मात्र चालण्याने फायदा झाला नाही. कल्पना चालताना गोळा कराव्यात आणि निवडायला बसून घ्याव्यात, हा त्यातला व्यवहारी धडा.

कुठे चालावे, यालाही महत्त्व आहे. मिशिगन विद्यापीठात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच लोकांना एकदा झाडांनी भरलेल्या उद्यानात आणि एकदा गजबजलेल्या रस्त्यांवर सुमारे तासभर चालवले. नंतर दोन्ही वेळा ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायला लावले. उद्यानातून आल्यावर कामगिरी सुधारली, रस्त्यावरून आल्यावर फारशी नाही. वाहने चुकवताना, पाट्या वाचताना, हॉर्न ऐकताना लक्ष सतत राबत असते. झाडे, पाणी, ढग लक्ष वेधतात, पण त्याला राबवत नाहीत.

म्हणून शहरात जाणाऱ्याने त्या शहरातले पाणी आणि झाडे शोधावीत. कोल्हापुरात सकाळी रंकाळ्याच्या काठाने फेरी मारणे किंवा पंचगंगेच्या घाटावर तासभर बसणे यातून मेंदूला जे मिळते, ते महाद्वार रोडवरच्या रविवारच्या गर्दीतून मिळत नाही. बाजार पाहू नये असे नाही. बाजार साहित्य देतो, तळे ते मुरवते. दोन्ही एकाच दिवसात कोंबले, की दुसऱ्यासाठी जागा उरत नाही.

पहिल्या रात्रीची अडचण

तिसरी गोष्ट झोप. जर्मनीतील ल्यूबेक विद्यापीठाचा एक प्रयोग २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागींना आकड्यांचे एक कंटाळवाणे कोडे दिले होते, ज्यात एक छुपी सोपी युक्ती होती. आठ तासांच्या खंडानंतर कोडे पुन्हा सोडवायला दिले. मधल्या वेळेत झोपलेल्यांपैकी ५९ टक्क्यांना ती युक्ती सापडली, जागे राहिलेल्यांपैकी २३ टक्क्यांना. प्रयोग लहान होता, तरी दिशा स्पष्ट आहे. दिवसभर गोळा केलेले मेंदू झोपेत नव्याने लावतो, आणि ‘रात्रभर विचार करून सांगतो’ या जुन्या बोलण्यात झोपेचा वाटा मोठा असावा.

सहलीत नेमकी हीच झोप मोडते. परक्या जागी पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये त्यामागचे एक कारण दाखवले. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही, जणू पहाऱ्यावर असतो. बारीकशा आवाजालाही तो प्रतिसाद देतो. काही दिवसांनंतरच्या मुक्कामात हा फरक दिसत नाही.

दोन रात्रींच्या सहलीतील पहिली रात्र अशी पहाऱ्यात जाते. त्यात शुक्रवारी मध्यरात्री पोहोचायचे आणि शनिवारी पहाटे पाचला उठायचे, हा त्या मेंदूवर अन्याय आहे. दुसरी रात्र खरी कामाची. तीही बैठकीत घालवली, तर काय उरले? मद्याने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटक होते आणि स्वप्ने पडतात तो झोपेचा टप्पा कमी होतो. प्रेरणेसाठी पेला हाती घेण्याच्या कल्पनेला शरीरशास्त्राचा आधार नाही. दोन्ही रात्री एकाच जागी मुक्काम करावा, शनिवारी सकाळी गजर लावू नये आणि रात्री अकराच्या आत दिवा मालवावा, ही वैद्यकीय शिफारस नीरस वाटली तरी उपयोगाची आहे.

पाहुणा आणि रहिवासी

नवे पाहण्याने मन लवचीक होते, हे खरे आहे. पण किती आणि कसे पाहिले, यावर ते अवलंबून असते. विल्यम मॅडक्स आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परदेशात राहिलेल्या लोकांची सर्जनशील कामगिरी अधिक चांगली आढळली. परदेशात नुसता प्रवास केलेल्यांत असा संबंध दिसला नाही. राहणाऱ्याला तिथली रीत शिकावी लागते, स्वतःची तपासून पाहावी लागते. पाहुण्याला फक्त फोटो काढावा लागतो.

कोल्हापूरच्याच मातीत याचे उत्तम उदाहरण आहे. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९३१ मध्ये निधन होईपर्यंत ते तिथेच राहिले आणि रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ ही गावातलीच ठिकाणे पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तेच पाणी, पण प्रत्येक वेळी वेगळा प्रकाश. याच शहरात नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर चित्रपटाच्या वेडात स्वतःचा कॅमेरा तयार करण्यापर्यंत गेले. या दोघांच्या शहरात प्रेरणा शोधायला जाणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे, की त्यांची प्रेरणा एका जागी वर्षानुवर्षे बघत राहण्यातून आली होती.

दोन दिवसांत कुणी रहिवासी होत नाही. पण पाहुणेपणा कमी करता येतो. दहा ठिकाणांऐवजी एक निवडावे. चप्पल शिवणाऱ्या कारागिराच्या शेजारी, त्याची हरकत नसेल तर, अर्धा दिवस बसावे. कातडे कसे कापले जाते, वेणी कशी घातली जाते, हात कुठे थांबतो ते पाहावे. फोटोऐवजी वहीत वेडेवाकडे का होईना, रेखाटन करावे. आणि पुढच्या वेळी नव्या शहराच्या मागे न लागता त्याच शहरात, त्याच कारागिराकडे पुन्हा जावे.

रविवारची रात्र

प्रेरणेच्या चर्चेत कुणी बोलत नाही, पण जिवावर बेतू शकते ती गोष्ट म्हणजे परतीचा प्रवास. कोल्हापूर ते पुणे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. ‘संध्याकाळही वापरू, रात्री रस्ता मोकळा मिळेल,’ असा हिशेब करून अनेक जण रविवारी जेवण झाल्यावर निघतात. सकाळी सहाला उठलेल्या माणसाचे रात्री अकराला जागरणाचे १७ तास पूर्ण होतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की सलग १७ तास जागे राहिल्यावर हाता-डोळ्यांचा मेळ इतका ढासळतो, जितका तो १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असताना ढासळतो. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. थेंबभरही न घेतलेला हा चालक झिंगलेल्या चालकासारखाच गाडी चालवत असतो, आणि त्याला पकडणारे यंत्र पोलिसांकडे नाही.

काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी झोप टळत नाही. डुलकी येतेय असे वाटले, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून पंधरा-वीस मिनिटे झोपणे आणि चालक बदलणे हाच उपाय. त्याहून चांगला उपाय म्हणजे रविवारी दुपारच्या जेवणाआधी निघणे, किंवा मुळात रेल्वेने वा एसटीने जाणे. खिडकीशी बसून जाणाऱ्याला बाहेर बघायला चार-पाच तास फुकट मिळतात. गाडी चालवणाऱ्याला ते मिळत नाहीत.

सहलीने न सुटणारे ‘न सुचणे’

काही वेळा सुचत नाही याचे कारण थकव्यापलीकडचे असते. ओपीडीत येणारा माणूस ‘मला नैराश्य आलंय’ असे क्वचितच म्हणतो. ‘कामात मन लागत नाही, डोकं चालत नाही, सुट्टी घेऊन आलो तरी तसंच,’ असे तो सांगतो. दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास असणे, आवडत्या गोष्टींतला रस जाणे, झोप आणि भूक बिघडणे, स्वतःला निरुपयोगी समजणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. अशा माणसाला घरचे आणि मित्र प्रेमाने सांगतात, ‘कुठंतरी फिरून ये.’ तो जातो, सुंदर जागी उभा राहतो, आत काहीच हलत नाही, आणि आपल्यातच काही खोट आहे अशी त्याची खात्री पटते. सहलीचा सल्ला इथे उपचार लांबवतो.

थायरॉइडची कमतरता, रक्तातील लोह किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असणे, घोरताना श्वास अडखळणारा निद्राविकार यांतही डोके जड आणि विचार संथ होतात. पहिली तीन कारणे साध्या रक्ततपासण्यांतून कळतात. उलट, एखाद्याला रात्र रात्र झोपेची गरजच वाटत नाही, कल्पनांचा पूर आला आहे, बोलणे थांबत नाही, पैसे उधळले जात आहेत, असे असेल तर ती प्रेरणा म्हणून साजरी करू नये. तो उन्मादाचा आजार असू शकतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. आत्महत्येचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

ज्यांना शनिवार नाही

शनिवार-रविवारची सहल ज्यांना परवडते त्यांच्यापुरताच हा विषय नाही. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. आज पाळीने काम करणारी परिचारिका, घरपोच सामान देणारा तरुण, आठवड्याचे सातही दिवस स्वयंपाकघरात उभी असलेली गृहिणी यांना दोन दिवस सलग मिळत नाहीत. सुचण्याची गरज त्यांनाही असते. कमी पैशांत महिना कसा काढायचा, हासुद्धा सर्जनशील विचाराचाच प्रश्न आहे.

सुदैवाने सहलीतले कामाचे बरेचसे घटक घराजवळ मिळतात. नेदरलँड्समध्ये २०१२ च्या एका अभ्यासात नेहमीची न्याहारी नेहमीपेक्षा वेगळ्या क्रमाने करायला लावली, तेवढ्यानेही लोकांच्या विचारांत लवचीकता आढळली. वेगळ्या रस्त्याने घरी जाणे, तळ्याकाठी किंवा टेकडीवर अर्धा तास फोनशिवाय चालणे आणि पुरेशी झोप यांना तिकीट लागत नाही. शिवाय सुट्टीने आलेली तरतरी कामावर परतल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत ओसरते, असे २००९ च्या एका आढाव्यात दिसले होते. वर्षातून दोनदा मोठा डोस घेण्यापेक्षा आठवड्याला थोडा थोडा घेणे बरे, आणि कामाची वेळ संपल्यावर संदेश न पाठवणे ही त्यातली मालकांची जबाबदारी.

तरीही कोल्हापूरला जरूर जावे. अडलेला प्रश्न दोन ओळींत लिहून खिशात ठेवावा, ठिकाणांची यादी घरी ठेवावी. शनिवारी उजाडेल तेव्हा उठून रंकाळ्याला एक सावकाश फेरी मारावी. दोन्ही रात्री पुरेसे झोपावे आणि रविवारी उजेडात घरी यावे. आल्यावर संध्याकाळी अर्धा तास वही घेऊन बसावे, कारण सुचलेले पडताळून पाहणे हे काम शेवटी घरच्या टेबलाशीच करायचे असते.